वाढत्या अंगाची रायफल

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आणत नाहीत. चप्पल घ्यायची तर बोटभर मोठी, स्वेटर घ्यायचा तर बाह्या दुमडाव्या लागतील असा. पोर वाढत्या अंगाची आहे, एवढं एकच कारण. माझ्या माहेरीही हेच. पाचवीत शिवलेल्या माझ्या गणवेशाची खालची दुमड उसवायला आई दर जूनला बसायची, मला भिंतीशी उभी करायची आणि निमूटपणे सुई डबीत ठेवून द्यायची. मी वाढलेच नाही. लेकीची आई झाले तरी वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय हाताला लागत नाही.

अशा घरात एअर रायफल घ्यायचं ठरलं.

लेक तेरा वर्षांची, उंचीला माझ्याच खांद्याला खांदा लावणारी. जळगावात शाळा सुटली की नेमबाजी शिकायला जायची. तिथे रायफली मोजक्या आणि मुलं भरपूर, त्यामुळे निम्मा वेळ रांगेतच जायचा. त्यातून जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. सर म्हणाले, "स्वतःची असली तर पोरगी नक्की काहीतरी करून दाखवेल. पण तिच्या मापाचीच घ्या. दस्ता कोपराच्या घडीत टेकवला की बोट अलगद चापावर पडलं पाहिजे." मी ते वाक्य घोकूनच ठेवलं.

पण ह्यांनी ही बातमी फोनवर आबांना सांगितली. आबा म्हणजे माझे सासरे, पाचोऱ्याकडे शेतावर राहतात. बैल असो की फ्रिज, आबांनी हात फिरवल्याशिवाय आमच्याकडे काही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कडक इस्त्रीची टोपी घालून दारात हजर.

"बंदूक लेवानी शे आन् माले इचारतस बी नही?"

झालं! गाडी धुळ्याला निघाली. ह्यांच्या ओळखीचं दुकान तिथे होतं. वाटेत पारोळ्याला चहाला थांबलो, तर आबांनी चहावाल्यापासून शेजारच्या ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की नात बंदूक चालवते. चहावाल्याने लेकीकडे आदराने पाहिलं आणि तिच्या कपात न मागता मलई टाकली. लेक लाजून लाल झाली, आणि मला हसू आवरेना. एखाद्या वरातीला निघाल्यासारखे आम्ही निघालो होतो.

दुकानातल्या शेठनी काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. एक लांबलचक, लाकडी दस्त्याची, देखणी. दुसरी बुटकी, काळी, मुलांसाठीची. आबांनी दुसरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिलीच्या पाठीवरून त्यांनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, उचलून वजन जोखलं, मग एक डोळा मिटून तिची नळी थेट रस्त्यावरच्या रसवंतीवर रोखली. शेठनी अगदी अदबीने नळी भिंतीकडे वळवली.

"हाईच ल्या. पोर वाढता आंगनी शे," आबा म्हणाले. ह्यांनी लगेच मान डोलावली.

लेकीने ती लांब रायफल उचलली. दस्ता काखेतून मागे निघाला, बोट चापाच्या अलीकडेच अडकलं, आणि पुढचं टोक असं थरथरू लागलं की शेठही दोन पावलं बाजूला झाले. मग तिने बुटकी उचलली. गाल टेकला, खांदा खाली आला, आणि सतत वळवळणारी माझी पोर एकदम स्थिर झाली. श्वाससुद्धा दिसेना.

"दोन वर्षांत लहान पडेल ही," हे म्हणाले.

आणि माझं डोकं सरकलं. भर दुकानात मी म्हणाले, "स्पर्धा दोन वर्षांनी आहे का? मी शाळाभर दुमडलेले कपडे घातले. जे बसायला हवं होतं ते कधी बसलंच नाही. हिला आज बसते ना? मग आज घ्या!"

सासऱ्यांसमोर मी एवढी कधी बोलले नव्हते. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"ल्या मंग," ते म्हणाले. "पन लहान पडनी ते माले सांगू नका."

बुटकीला घरी हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. लेकीने ती अशी चालवली की जिल्ह्याच्या स्पर्धेतून पुढच्या फेरीत गेली. त्या दिवशी मी मैदानावर चक्क उड्या मारल्या.

आणि मग ती वाढली! माझ्यावर नाही, ह्यांच्या घराण्यावर गेली. बघता बघता ज्वारीच्या ताटासारखी उंच झाली, माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघू लागली. सरांनी दस्ता लांबवून बघितला, शेवटी हात टेकले. आबांना बातमी कळली तेव्हा ते खास पाचोऱ्याहून आले, आणि "मी सांगेल व्हतं ना?" म्हणत घरभर मिरवले. नव्या रायफलीसाठी पुन्हा धुळ्याला जायचं आणि बुटकी शेठना परत द्यायची असं ठरलं.

निघायच्या दिवशी मी बुटकीला शेवटचं पुसत होते. सरांचं ते वाक्य कुठून आठवलं कोण जाणे. मी दस्ता कोपराच्या घडीत टेकवला.

बोट अलगद चापावर पडलं.

मी तशीच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न दुमडता, न टाचता मला बसलं होतं. दारातून लेक ओरडली, "आई, हलू नकोस! खांदा सोड. गाल टेकव!"

बुटकी शेठकडे गेलीच नाही. आता सुट्टीत आम्ही शेतावर जातो. गोठ्यामागच्या मातीच्या ढिगावर आबा केळ्यांचं रिकामं खोकं उभं करतात, त्यावर कोळशाने गोल काढतात आणि माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात. लेक माझी सर. परवा पहिल्यांदा छर्रा गोलाच्या आत लागला, आणि मी ओरडायच्या आधी आबाच ओरडले,

"सूनबाई, आते वाढू नको बरं!"