पुठ्ठ्यातलं नाव

वकीलबाईंच्या ऑफिसात आधी बँडेज आलं. दाराच्या चौकटीला दोनदा अडकलं, पंख्याला घाबरून वाकलं आणि बऱ्याच वेळानं त्याच्याखालून बाइंडर निघाला. त्या बँडेजात आणखी तिघांची डोकी आरामात मावली असती, असं बाई आजही शपथेवर सांगतात. शिवाय माणूस खळीनं असा माखलेला, की तो उठला तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

"मारलं कुणी?"

"धाकट्या भावानं. त्याला सोडवायचंय."

"मार तुम्ही खाल्लात आणि वकील त्याला?"

"मग? माझं डोकं टाके घालून बसवलंय, बाई. त्याचं कोण बसवणार?"

वीस वर्षं दोघं भाऊ एकाच टेबलावर पुस्तकं बांधत होते. पुस्तकांच्या पाठी गोल करायची हातोडी धाकट्यानं उचलली आणि थोरल्याच्या डोक्यात तीनदा घातली.

बाईंनी समजावलं, "मारताना आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, हे दाखवावं लागेल. आधीपासून काही आजार असेल तर त्याचे कागद आणा. नाहीतर जेल."

बाइंडरचा चेहरा पडला. धाकट्याला भास होतात हे कुणाला कळू नये, म्हणून बाइंडर सगळ्यांना 'त्याला पित्त आहे' असं सांगायचा. त्याच्या सांगण्यावर जाल तर त्या पित्तानं एखादी विहीर भरली असती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घरात ठेवायची भीती, आणि कागद टाकून देणं तर बाइंडरच्या हातून होतच नाही. मग पुस्तकं बांधताना त्यानं त्या पुठ्ठ्यांच्या अस्तराखाली चिकटवून टाकल्या. आता डॉक्टर वारले होते आणि दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं होतं.

बाइंडर सुरी घेऊन शाळेच्या लायब्ररीत गेला.

"अहो, तुम्हीच बांधलीत आणि तुम्हीच फाडताय?" लायब्ररीतल्या बाई किंचाळल्या.

"पुन्हा बांधून देतो. फुकट देतो. ओरडू नका, शाळा आहे."

भूगोलाच्या जाड पुस्तकाचं अस्तर त्यानं ओलं करून सोललं. खाली डॉक्टरांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात धाकट्याचं नाव होतं. बाइंडरच्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण हातोडी उचलण्याआधी महिनाभर धाकटा एकच म्हणत होता, "दादा, पुठ्ठ्यातून मला हाका येतात. माझं नाव घेतात."

"मग ओ दे की!" असं म्हणून बाइंडर हसायचा. हातोडीच्या दिवशीही तो हेच म्हणाला होता, हसतच.

अकरा पुस्तकं सोलल्यावर नऊ चिठ्ठ्या निघाल्या. कोर्टात बाइंडरनं साक्षीत त्या हाकांचं सांगितलं, तशा सरकारी वकिलांनी चिठ्ठ्या उन्हात धरल्यासारख्या वर धरल्या.

"म्हणजे पुठ्ठ्यात आरोपीचं नाव खरंच होतं! मग भास कसला? तो तर खरंच सांगत होता. पूर्ण भानावर होता. काय हो, होतं ना नाव?"

पिंजऱ्यातल्या धाकट्यानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तो दादाकडे नीट बघत होता. तू खरं बोलत होतास, एवढंच त्याला दादाच्या तोंडून ऐकायचं होतं. बाइंडरला ते लख्ख कळलं. पण ते बोललं तर धाकटा शहाणा ठरणार, आणि शहाणा ठरला की जेलात जाणार.

"नाव होतं, साहेब," बाइंडर म्हणाला. "हाक नव्हती."

धाकट्यानं तोंड फिरवलं.

हल्ली बाइंडर प्रत्येक पुस्तक प्रेसखाली घालण्याआधी कानाला लावतो. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणतो, "खळ वाळली का ते ऐकतोय." गिऱ्हाईक हसतं. त्याच्याहून मोठ्यानं बाइंडर हसतो, आणि मग तेच पुस्तक पुन्हा एकदा कानाला लावतो.

कोर्टानं धाकट्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवून मनोरुग्णालयात पाठवलं. गुन्हा शाबित झाला असता तर बाईंच्या अंदाजानं पाच वर्षं झाली असती. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. धाकटा अजून तिथंच आहे.