धोंडप्पा आणि बाईंची सीट

धोंडप्पा कित्येक वर्षं गोदावरीबाईंची गाडी चालवत होता. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, पाठदुखीनं बेजार झालेल्या. त्यांना हात धरून गाडीत बसवायचं, सीट मागं घ्यायची, कमरेमागं उशी सारायची, ही कामं तो बाईंच्या मुलालाही करू देत नसे.

मग मुलानं नवी गाडी घेतली. तिची सीट बसणाऱ्याला ओळखून आपोआप मागंपुढं व्हायची. बार्शीला लग्नाला निघताना धोंडप्पा सवयीनं उशी घेऊन पुढं झाला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे रे, हिला सगळं कळतंय."

त्यानं उशी डिकीत भिरकावली. बाई एकदा तरी कण्हतील म्हणून तो वाटभर कान लावून होता. वैरागच्या पुढं त्यानं मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही. बाई मात्र शांत झोपलेल्या!

कार्यालयापाशी बाई उतरल्यावर तो गुपचूप त्यांच्या जागेवर बसला. सीट हलकेच सरकली आणि तिनं त्याची आखडलेली पाठ अलगद पेलली. जिवाला लई बरं वाटलं.

"मला बी वळखतीस व्हय गं भवाने!" म्हणत त्यानं सीटवर बुक्की हाणली. पण उठला मात्र नाही.