पगारेकाका आणि एंजलची जोडी

मासे पाळणाऱ्यांकडे किस्से शेवाळासारखे साठतात. आज काच पुसा, आठवड्यात पुन्हा हिरवी! सिडकोत आमचा चौघांचा कंपू आहे. मी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे खैरनार सर, माशांचे दुकानदार मुनीरभाई आणि पगारेकाका. काका मनमाडला तिकीट चेकर होते. नोकरी सुटली, संशय काही सुटला नाही. रविवारी सकाळी दुकानात चहा आला की त्यांची चौकशी सुरू!

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. माझ्याकडे फ्लॉवरहॉर्न जातीचा मासा होता. कपाळावर टेंगूळ, समोर बोट नेलं की काचेवर धडक. नाव ठेवलं सरदार.

काका डोळे बारीक करून म्हणायचे, "मला याचा भरवसा वाटत नाही."

"का हो?"

"फार रुबाब करतोय. विनातिकीटवालेच एवढा रुबाब करतात."

मी हसलो. महिन्याभरात सरदारनं अंडी घातली!

*

मग काकांनी स्वतः दोन एंजल मासे आणले. मुनीरभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "काका, पक्की जोडी!"

अंडी झाली, पण दोन दिवसांत पांढरी पडून वाया गेली. पुन्हा झाली, पुन्हा पांढरी. काकांनी आधी नळाच्या पाण्यावर संशय घेतला, मग हीटरवर, मग वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर. शेवटी सरांना बोलावलं.

सर म्हणाले, "एंजलचं एरवी बाहेरून काही कळत नाही. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीक नळी दिसते. नराची टोकदार, मादीची बोथट."

सर अर्धा तास भिंग लावून ओणवे. मग कंबर धरून उठले. "काका, दोन्ही बोथट आहेत."

काका पिशवीत मासे घेऊन थेट दुकानात. "ही तुमची जोडी?"

मुनीरभाई शांतपणे म्हणाले, "काका, मी जोडी म्हणालो. मियाँ-बीवी कुठं म्हणालो?"

*

सरांनी उपाय सांगितला. सहा पिल्लं आणा, एकत्र वाढवा, त्यांचं त्यांना जमवू द्या. आठ-नऊ महिन्यांत दोघांनी एक कोपरा धरला आणि बाकीच्यांना हाकलायला सुरुवात केली. सरांनी भिंग लावलं. एक टोकदार, एक बोथट! आम्ही टाळ्या वाजवल्या.

काकांनी काचेला नाक लावलं. मग म्हणाले, "सर, पुन्हा एकदा बघा. मला तोंडावरून बहिणीच वाटतात."

*

बाकीचे चार मासे दुकानात परत गेले. जोडीनं अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी ती गायब! काकांनी टाकीतल्या गोगलगायीला पकडून बादलीत टाकलं. पुढच्या वेळी गोगलगाय बादलीत आणि अंडी तरीही गायब.

मग काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. हातात बॅटरी, जेवणही तिथंच. दुपारी चारला त्यांच्या डोळ्यांदेखत नरानं अंडी खाल्ली.

सर म्हणाले, "यांना कोणी त्रास दिला, भीती वाटली, की स्वतःचीच अंडी खातात."

काका उसळले. "त्रास कोण देतंय ते मी शोधून काढतो!" आणि खुर्ची आणखी पुढं ओढली.

*

असं तीनदा झालं. काका खचले. एका रविवारी चहाही न पिता म्हणाले, "आता एकदाच. नाही झालं तर टाकीच काढून टाकतो. माझ्या हातालाच यश नाही."

नेमकी अंडी झाली त्याच दिवशी घोटीहून बहिणीचा फोन आला. भाचीचा साखरपुडा, मामानं चार दिवस आधीच यायला हवं. काकांना यातही काहीतरी काळंबेरं वाटलं, पण जाणं भाग होतं. निघताना काकूंना बजावलं, "बॅटरी इथं आहे. खुर्चीवरून हलू नकोस."

"बरं," काकू म्हणाल्या.

पाचव्या दिवशी घरी परतलेल्या काकांचा फोन. "लगेच या!" आम्ही तिघं धावलो. टाकीतल्या पानावर शेकडो इवल्या शेपट्या वळवळत होत्या आणि आई-बाप दोन्ही बाजूंनी पंखांनी वारा घालत होते. काकांचे डोळे भरून आले होते. तरीही ते काकूंकडे वळले.

"खरं सांग. ही पिल्लं मुनीरकडून आणून सोडलीस ना?"

"नाही हो."

"मग पाण्यात काही घातलंस?"

"काही नाही."

"अगं, मग चार दिवस केलंस तरी काय?"

काकूंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि टाकीतल्या जोडीकडे पाहिलं.

"काही नाही. आम्ही तिघंही निवांत होतो."