ओढ्याकडची चारी

भिजलेल्या बाजरीचा कुबट वास आला की आजही मी आधी भिंतींकडे बघते, कारण त्या सप्टेंबरच्या दुपारी मिरजगावच्या आमच्या घरात तोच वास भरला होता. आमचा भाग दुष्काळी. पाणी अडवा, असं भिंतीभिंतीवर रंगवलेलं. वडिलांनी ते इतकं मनावर घेतलं की अंगणातलं पाणी मागच्या ओढ्याकडे नेणारी चारीच बांध घालून बंद केली. थेंबन्‌थेंब बोअरला मुरला पाहिजे! त्यात ठेकेदारानं समोरचा सिमेंटचा रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा उंच करून ठेवलेला, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. पाऊस कोसळला तसं रस्त्यावरचं पाणी अंगणात उतरलं, तुंबलं आणि घरात शिरलं; बाजरीची पोती भिजली. आतल्या खोलीत बहीण बाळंतीण, बाजेवर तान्हं बाळ, आणि बाजेमागची मातीची भिंत खालून विरघळायला लागलेली. आईनं खोरं उचललं. “आगं, बांध फोडू नगं! बोअरला पानी लागंल!” वडील ओरडले. “आन् नातवाला भित्ताडाखाली घालता का? व्हा बाजूला!” म्हणत तिनं घाव घातला. पाणी घोंघावत ओढ्याकडे निघालं, तरी भिंतीचा एक ढपला बाजेवर पडलाच. बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत कुणाच्या जिवात जीव नव्हता. आता मी गावोगाव सांगते, अडवायचं ते शिवारात, घराभोवतीच्या पाण्याला आधी वाट द्या. दुष्काळी भागात पाणी सोडायला सांगते म्हणून लोक हसतात. वडील हसत नाहीत, आभाळ भरून आलं की ते आधी विचारतात, “पोरगं कुठं निजलंय?”