समुद्रातलं तेल आणि आबांची पिकअप

माझ्या वडलांचं, आबांचं, नेहमी तेच, "तू तिकडं समुद्रातून तेल काढतो, अन् इथं पिकअपनं विंचूरच्या बाजारात कांदा न्यायला डिझेल परवडत नाय." पंपावरचे पण त्यांना चिडवतात, पोराला सांगा, पाइप इकडं टाक. आबा, मी रिगवर भांडी घासतो, किती वेळा सांगू.

आज दुपारी साहेब म्हणाले, पुढच्या तेलविहिरीची परवानगी अडली, मच्छीमारांचा विरोध हाय. म्हणून आम्ही अकरा जण कामावरून घरी. मच्छीमारांचं पण खोटं नाय, त्यांची जाळी फाटतात.

घरी सांगायला फोन लावला, तर आबाच आधी बोलले, "पिकअप विकली रे. आता तुझ्या नोकरीवरच सगळं." मी नुसतं हो म्हणालो.

नोकरी गेल्याचं तुम्ही सांगितलं असतं का, मित्रांनो? शेवटच्या पगारातून आबांना पाठवतोय, चौदा हजार रुपये.