इराक, गाऱ्हाणं आणि आमचा गडगा

इराकमधून परकी फौज ताबडतोब माघारी जावी, अशी मागणी आमच्या गावाने २००३ साली एकमुखाने केली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या परड्यातला गडगा पाडावा लागला. या दोन घटनांची गाठ घालून देणारा शहाणा मीच.

त्या वेळी मी मालवणजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि 'युद्धविरोधी नागरिक समिती'चा चिटणीस होतो. (समितीत आम्ही पाच जण. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि एक साधा सभासद. तो सभासद कायम नाराज असे.) आमची पहिली निषेध सभा देवबागला झाली. वक्ते साम्राज्यवादाच्या मुळापर्यंत पोचतात न पोचतात, तोच किनाऱ्यावरून हाक आली, "रापणीक म्हावरा लागला रे!" झालं! सगळी सभा उठून जाळं ओढायला पळाली. शेवटी अध्यक्षांनीही लेंगा वर दुमडून दोर धरला. निषेधाचा ठराव राहिला, पण परतताना प्रत्येकाच्या पिशवीत बांगडे होते.

पुढची सभा आमच्याच गावात, देवळासमोर. इथे फजिती नको म्हणून मी डोकं लढवलं. भाषणं ऐकतो कोण? आपण गाऱ्हाणं घालू! आमच्याकडे लग्न असो, नाटक असो, नाहीतर कुणाची नवी रिक्षा असो, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशाचंच पान हलत नाही. एकाने खड्या आवाजात मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. घोषणा शिकवायला नकोत, माईक नको. आणि गाऱ्हाण्याला शोभेल असा आवाज गावात एकच, बाबलकाकांचा.

अडचण एवढीच, की बाबलकाका म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे धाकटे भाऊ आणि दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं बंद. कारण गडगा! बाबांनी परड्याला कुंपण म्हणून चिऱ्यांचा गडगा घातला, तो (बाबांच्या मते नजरचुकीने) काकांच्या जमिनीत दोन हात शिरला आणि विहिरीकडे जाणारी त्यांची पायवाट बंद झाली. विहीर दोन्ही घरांची. पण काकी तेव्हापासून हंडा घेऊन सगळ्या पाणंदीचा वळसा घालून पाणी नेत होती. तिचे गुडघे दुखायचे. मला ते रोज खिडकीतून दिसायचं, पण मी इराकच्या काळजीत असायचो.

बाबा तर माझ्याहून कडवे. पेपर उघडला की ओटीवरून गरजायचे, "दुसऱ्याच्या मुलखात घुसतत आणि वर आपलोच तोरो! लाज नाय मेल्यांका!"

आई आतून म्हणायची, "हळू बोला, भावजी आयकतले."

मी धीर करून काकांकडे गेलो. ते घरासमोरच्या खळ्यात जाळं दुरुस्त करत बसले होते.

"काका, सभेत गाऱ्हाणा घालूक येशात?"

"कसला गाऱ्हाणा?"

"इराकात परकी फौज घुसली आसा. हटणा नाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग गडग्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या काकीकडे बघितलं.

"जावा," काकी म्हणाली. "चांगला काम आसा. मीय येतंय."

मी खुशीत घरी आलो. (मी इतिहासाचा मास्तर. पुढचं दिसायचं काही कारणच नव्हतं.)

सभेला गाव लोटलं. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. काका नारळ घेऊन देवासमोर उभे, काकी त्यांच्या पाठीशी.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या दारात जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या इराकात जे कोण घुसलेत, तेंका सुबुद्धी दी आणि इले त्या वाटेन परत धाड!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर काटा आला. अध्यक्षांनी डोळे पुसले. बाबा दोन्ही मुठी वर करून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. काका नारळ खाली ठेवणार, इतक्यात काकीने मागून कोपर मारलं. नारळ पुन्हा वर गेला!

"तसाच म्हाराजा, जगात खंयय, कोणय, दुसऱ्याच्या जाग्यात घुसलो आसात..."

"व्हय म्हाराजा!" (बाबा सर्वांच्या वर.)

"मगे तो परको असो, नायतर सख्खो भाव असो..."

"व्हय म्हा..." बाबांचा आवाज मध्येच अडकला. गावाचा अडकला नाही.

"बायलमाणसाची पाण्याची वाट अडवलेली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तो गडगा उद्या सकाळीच काढूची तेका बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!"

नारळ फुटला. संपलं! ठरावाला दुरुस्ती सुचवता येते, हरकत घेता येते. गाऱ्हाण्याला यातलं काहीच चालत नाही.

"ही गाऱ्हाण्याची अक्कल कोणाची?" बाबांनी विचारलं. मी कळसाकडे बघू लागलो. समितीच्या चारही जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. (नाराज सभासदाने तर दोन्ही हातांनी!)

घरी बाबा जेवले नाहीत. "देवासमोर व्हय म्हटलंय गो मी. आता काय करू?"

"काय करतलात?" आई म्हणाली. "फौज मागे घेवा."

सकाळी बाबा हुकूम सोडायला उभे राहिले आणि मी चिरे उचलायला. येणारा-जाणारा थांबून विचारी, "मास्तर, आंदोलन जोरात मां?" दुपारपर्यंत पायवाट मोकळी झाली. काकी हंडा घेऊन सरळ आली, आमच्या ओटीसमोर थांबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांशी बोलली.

"भावजी, च्याय झाली?"

"नाय अजून."

"मगे येवा घराक. ठेवतंय."

बाबा चपला घालून तिच्या मागोमाग गेले. मला रडूच आलं. थोडं आनंदाने आणि बरंचसं कमरेमुळे, कारण शेवटचा चिरा उचलताना तिथे कट्‌कन वाजलं होतं.

परकी फौज काही आमचं ऐकून हलली नाही. त्या युद्धात आमच्या तालुक्यातून जखमी झालेला मी एकटाच. अजूनही मी खाली वाकून वर येईनासा झालो, की समोरच्या खळ्यात काकांबरोबर चहा पीत बसलेले बाबा तिथूनच विचारतात, "काय रे झिला, इराक दुखता काय?"