चुरचुरलं का?

ऑपरेशनला आलेल्या पेशंटला कांताताईंनी "घाबरू नका" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. दाराशी अडवून त्या एकच विचारायच्या, "चुरचुरलं का?" हो म्हणेल तोच आत.

बदनापूरच्या आमच्या छोट्या नेत्रालयात त्या सिस्टर होत्या आणि मी नवा, घाईचा सर्जन. आता रिटायर होऊन त्या वडीगोद्रीला असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात दोन औषधांचे थेंब पुन्हा पुन्हा टाकतात. पहिल्याने बाहुली मोठी होते. दुसरं सुजेवरचं, जरा चुरचुरणारं. ऑपरेशन चालू असताना ते बाहुली आकसू देत नाही. ताईंच्या भाषेत, "पहिलं दार उघडतं, दुसरं दाराला वीट लावतं."

एकदा शिबिरात धावड्याच्या केशरबाई आल्या. एक डोळा आधीच गेलेला. मिरची निवडून पोट भरायच्या, पण लाल कोणती आणि पांढरी पडलेली कोणती, हेच कळेनासं झालं होतं. उरलेला डोळा बिघडला तर सगळंच संपणार होतं.

दाराशी ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "न्हाई बाई, बिलकुल न्हाई," म्हातारी खुशीत म्हणाली. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. दुसरी बाटली आली की "मला पडलं" म्हणून बाईंनी दर वेळी नर्सला पुढे धाडलं होतं. एकदा टाकलं ना, मग फुकटाचं औषध आपण किती घ्यावं, मागच्यांना पुरायला नको?

मी टॉर्च मारला. बाहुली मस्त मोठी होती. घ्या आत, म्हणालो. ताई दारातून हलल्या नाहीत.

"आत्ता मोठी हाय, डॉक्टरसाब. आत हात चालला की मिटंल. मंग दुसरा डोळा कुठून आणायचा?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण केशरबाईंचा नंबर शेवटी लावला. ताई स्वतः शेजारी बसून थेंब टाकत राहिल्या. बाई कुरकुरल्या की ताई खूश. ऑपरेशनमध्ये बाहुली शेवटपर्यंत तशीच मोठी राहिली.

सकाळी पट्टी काढली. केशरबाई डोळा किलकिला करून ताईंच्या डोक्याकडे बघत बसल्या.

"मेंदी लावून राह्यलीस व्हय गं? भांगात पांढरे तसेच राह्यले की."

ताईंनी पटकन भांगावर हात ठेवला. सगळा वॉर्ड हसला, आणि हसता हसता मला रडू आलं.